हललेला घट

धरण्याचा अकरावा दिवस होता आणि दुसऱ्या दिवशी घटस्थापना. तालुक्याच्या कचेरीसमोर ताडपत्रीच्या मंडपात आमच्या गावच्या चाळीस बाया बसलेल्या. मागणी एकच, तीस वर्षं कसत आलेल्या गायरानाच्या सातबाऱ्यावर आमची नावं चढवा. आठ महिन्यांच्या छकुलीची झोळी मी लाल झेंड्याच्याच बांबूला बांधली होती. झोका दिला की वर झेंडाही जरा डुलायचा.

विषय पुष्पाबाईंनी काढला. "कॉम्रेड, उद्या घट बसायचे. नऊ दिवस आम्हाला घरी जाऊ द्या. दसरा झाला की बराबर येऊन बसतो."

कॉम्रेड म्हणजे माझे सासरे, तातेराव. मी त्यांना मामा म्हणते. सगळी उमर शेतमजुरांच्या युनियनमध्ये गेली, देवळाची पायरी कधी चढले नाहीत.

"नऊ दिवसांनी हा मंडप राहील का?" मामा म्हणाले. "एकदा उठलं की उठलं."

"मंग आम्ही काय करावं? बसवलेला घट सोडून कुठं जाता येत न्हाई. दिवा विझला तर?"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. कोणी पिशवी आवरायला घेतली. तेवढ्यात चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या माझ्या सासूबाई, आसराबाई, मान वर न करता म्हणाल्या, "घट इथंच बसवू."

पिशव्या आवरणारे हात थांबले.

युनियनचा तरणा कार्यकर्ता हरिओम उठून उभाच राहिला. "लाल बावट्याखाली घट? मावशी, उद्या पेपरात फोटो आला तर लोक काय म्हणतील?"

"तुझं नाव हरिओम ठेवलं तवा लोक काय म्हणले रे?" पुष्पाबाई म्हणाल्या. बाया खळखळून हसल्या. मामा मात्र हसले नाहीत.

"आसरा," ते हळूच म्हणाले, "तू तर घट कवाच सोडला होता."

मला खरं ठाऊक होतं. छकुलीला तेल लावता लावता आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, एकदा सांगितलं होतं. त्यांच्या लग्नानंतरचं पहिलं नवरात्र. घर एकखणी. बाहेरगावचे कॉम्रेड बैठकीला यायचे म्हणून मामांनी बसलेला घट उचलून बाजेखाली सरकवला. 'दोन तासांचा तर सवाल हाय.' दिवा विझला. पुढच्या वर्षी आत्याबाईंनी घट बसवलाच नाही. मामांना वाटलं, विचार पटला. तेव्हापासून अडतीस वर्षं प्रत्येक शिबिरात ते अभिमानानं सांगत आले, 'माझ्या घरवालीनं स्वतःहून घट सोडला.'

आत्याबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, हात पदराला पुसले. "मी सोडला न्हाई. तुम्ही हलवला. बसलेला घट हलवायचा नसतो. एकदा हलला की पुन्हा मांडायला हिंमत लागती. ती आज आली."

चाळीस बायांसमोर. मामा उठले, चपला घातल्या आणि चहाच्या गाड्याकडे निघून गेले. मी झोळीची दोरी धरून बसले. वाटलं, आता हे धरणंही तुटतंय आणि हे दोघंही.

अर्ध्या तासानं ते परत आले. हातात चहाचा एक ग्लास. तो त्यांनी आत्याबाईंपुढे ठेवला. "माती कुठली आणायची?"

"गायरानातली. जिच्या तिच्या तुकड्यातली मूठमूठ."

"बेस्ट," हरिओम एकदम खुलला. "आता पोलीस मंडपाला हात लावायचे न्हाईत!"

आत्याबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "मी देवीला पहाऱ्याला बसवायला आणली का रे?"

"पोलीस आले तर आपण आडवं व्हायचं," मामा म्हणाले. "घटाला म्होरं करायचं न्हाई. समजलं?"

दुसऱ्या दिवशी चाळीस मुठी मातीत गहू पेरले, घट बसला, तरवडाच्या फुलांची माळ चढली. मामा मंडपाच्या दुसऱ्या टोकाला पेपर वाचत बसले.

पाचव्या माळेला दुपारी कचेरीतल्या साहेबांनी चर्चेला बोलावलं. बोलायचं ते बायांनीच, असं मामांनी ठरवून दिलेलं, त्यामुळे सगळ्या आत गेल्या. मंडपात मी, छकुली आणि मामा. आणि अचानक वावटळीसारखा पाऊस आला. ताडपत्रीचं एक टोक सुटून फडफडू लागलं, दिव्याची ज्योत आडवी झाली. मी पोरीला छातीशी धरून उठेपर्यंत मामा घटापाशी पोचले होते. दुखरे गुडघे टेकून, पावसाकडे पाठ करून ते दिव्यावर वाकले. दोन्ही तळहातांचा आडोसा केला.

"साधना, तेल कुठं ठिवलं?"

मी बाटली दिली. त्यांनी जपून तेल घातलं. एक थेंब सांडला नाही.

बाया परतल्या तेव्हा पाऊस ओसरला होता आणि मामा तसेच वाकलेले. आत्याबाईंनी आधी दिवा पाहिला, मग त्यांची निथळती पाठ.

"पाया पडले काय?"

"न्हाई."

"नका पडू." त्यांनी पदरानं त्यांची पाठ पुसायला घेतली. "पडसं झालं तर मला जागावं लागंल."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कागद आला. गायरानाच्या पाहणीची तारीख मिळाली होती. नाव नाही, नुसती तारीख, तरी हातात काहीतरी होतं. दसऱ्याच्या सकाळी मामा बोलायला उभे राहिले. मला वाटलं, पाहणीचं सांगतील.

"युनियनमध्ये चूक झाली की चार लोकांत सांगायची आपली रीत हाय," ते म्हणाले. "अडतीस वर्षं मी सांगत आलो, माझ्या बायकोनं घट सोडला. ते खोटं होतं. मी हलवला होता. देव मी आजबी मानत न्हाई, उद्याबी मानणार न्हाई. पण जिला कधी विचारलंच न्हाई, तिच्या वतीनं बोलत राह्यलो. हे मला शोभलं न्हाई."

ते घटापाशी येऊन बसले.

आत्याबाई घटाभोवतीचं वीतभर उगवलेलं, पिवळंधम्मक गव्हाचं धन खुडत होत्या. "झालं का बोलून? टोपी इकडं करा."

गावात दर दसऱ्याला कुणी धन टोपीत खोवायला गेलं की मामा हात आडवा करायचे. आज त्यांनी मान खाली घातली. आत्याबाईंनी चार काड्या टोपीच्या घडीत खोवल्या, जरा जास्तच वेळ लावून. माझ्या कडेवरच्या छकुलीनं झेप घेतली, त्यातली एक काडी ओढली आणि सरळ तोंडात घातली.

"अगं, अगं," मी तिचा हात धरला.

"खाऊ दे," मामा म्हणाले. "आपल्या गायरानाचं हाय."