क्रीमसाठी होता तो गॅस

मित्रांनो, केकच्या दुकानातली मी एक जुनी स्टीलची बाटली. अंगावर पोचे, झाकणाचे आटे झिजलेले, आणि मनाने तर मी केव्हाच थकले आहे.

माझ्या पोटात पातळ क्रीम ओतायचं, डोक्यावर बोटाएवढं गॅसचं नळकांडं बसवायचं, की क्रीम कसं फुलून येई! मला चालवणारी ताई ही मालकीणबाईंची भाची, आणि मालकीणबाई तिची मावशी. केकवर नावं लिहावीत तर तिनेच. गिऱ्हाइकं म्हणत, "अक्षर आहे की मोती!"

घटस्फोट झाला आणि ताईचं हसू आटलं. कुणीतरी तिला सांगितलं, हा गॅस हुंगला की हसू येतं. एका दुपारी तिने तो हुंगला. मिनिटभर खदखदून हसली, मग डोकं गरगरलं तशी भिंतीला टेकून बसली. मला वाटलं, एकदाच तर. पण ते रोजचंच झालं. कचऱ्याच्या डब्यात रिकाम्या नळकांड्यांचा खच पडू लागला आणि मी कोरडीच.

काही महिन्यांत तिच्या तळपायांना मुंग्या आल्या, त्या गेल्याच नाहीत. चप्पल निसटली तरी तिला कळेना. केकवरची अक्षरं थरथरू लागली.

"बरी आहेस ना गं?" मावशीने विचारलं.

"थकलेय जरा. काही नाही."

आणि एक दिवस ती हातातल्या केकसकट पायरीवरून कोसळली. आवराआवर करताना मावशीला डब्यातला खच दिसला. मूठभर नळकांडी उचलून ती ताईजवळ आली.

"हे काय करून घेतलंस?"

"हसावंसं वाटायचं गं, मावशी. आता पाय माझे नाहीतच असं वाटतंय."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा गॅस शरीरातलं बी-बारा जीवनसत्त्व निकामी करतो. नसा आणि मज्जारज्जू दुखावतात. हुंगताना प्राणवायू न मिळून माणूस जागच्या जागी दगावूही शकतो.

इंजेक्शनं आणि व्यायाम यांत वर्ष गेलं. गॅस सुटला. ताई आता काठी टेकत चालते. बोटं मात्र पुरती सुधारली नाहीत. नावं मावशी लिहिते, वेडीवाकडी, आणि ताई शेजारी बसून म्हणते, "वेलांटी उलटी झाली गं!" दोघीही हसतात, थोडंसंच.

मित्रांनो, अंगात मुंग्या भरल्या तर लपवू नका. जवळचं कुणी "काही नाही" म्हणालं, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. त्या दुपारी तिथे मी एकटीच होते, आणि मी पडले बाटली. तुम्हाला तोंड आहे.