पाण्याचे चिलखत

नेलिडा पुन्हा पडली. विजेच्या रेड्याने शिंग मारले, निळ्या चिलखतावर ठिणग्या उडाल्या आणि ती पडद्याच्या कोपऱ्यात आडवी झाली.

"भाऊजी, किती वेळा मारणार माझ्या ताईला?" गल्ल्यावरून ग्लॅडिस म्हणाली.

ग्लॅडिस ही नेलिडाची धाकटी बहीण. पेरूतल्या चिंबोतेच्या बंदराजवळ तिचे इंटरनेटचे दुकान आहे. मी धक्क्यावर बोटवाल्यांची फाटकी जाळी सांधतो आणि काम संपले की इथे येऊन संगणकावर खेळत बसतो. पूर्वी शेजारच्या खुर्चीवर नेलिडा असायची.

या खेळाची एक रीत आहे. जो खेळाडू हजर नाही, त्याच्या पात्राला आपण मदतीला बोलावू शकतो. शेवटी जे अंगावर होते तेच घालून ते येते आणि मालकासारखेच लढते. नेलिडा हिवाळ्यात गेली. तरी मी बोलावले की ती येते.

तिचे चिलखत समुद्रसर्पाच्या खवल्यांचे. त्याचा गुण असा, की ती औषध प्यायली की जवळच्या माणसाचीही जखम भरते. आगीच्या राक्षसांना ते दाद देत नाही. विजेपुढे मात्र ओला कागद. जिवंतपणी ती प्रत्येक लढाईआधी चिलखत बदलायची. मी तसाच धावत सुटलो की ओरडायची, "अबेलार्दो, आधी समोर कोण आहे ते बघ, मग अंगात काय घालायचं ते ठरव!"

आता तिला बदलता येत नाही.

"मग जाऊ नका ना विजेच्या डोंगरात," ग्लॅडिस म्हणाली.

"आगीवाले संपले सगळे. पुढची वाट इथूनच आहे."

"दुसरं कुणी बोलवा सोबतीला."

पडता पडता नेलिडाने बाटली तोंडाला लावली होती. त्या घोटावर मी उठून उभा राहिलो होतो. तिला तो पुरला नव्हता.

ग्लॅडिस जांभळ्या मक्याचे सरबत घेऊन आली. शेजारच्या खुर्चीवर मात्र बसली नाही.

"पाचव्या दिवशी आपण सान्ता नदीवर गेलो होतो," ती म्हणाली. "ताईचं सगळं धुतलं. ॲप्रन धुतला, मोजे धुतले, फाटकी चादरसुद्धा. हे चिलखत तेवढं राहिलं."

"हे काय कापड आहे?"

"अंगावर होतं ना तिच्या?"

आम्हा डोंगराकडच्या लोकांत मेलेल्याचे कपडे पाचव्या दिवशी वाहत्या पाण्यात धुतात. एखादे राहिले तर जीव त्याच्यासाठी परत परत येतो. धुऊन निघाले की मागे वळून बघायचे नाही. त्या दिवशी मी वळणार होतो. ग्लॅडिसने माझी मान धरून ठेवली होती.

"तिचा पासवर्ड मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुमच्या कुत्र्याचं नाव. ताईचं डोकं तेवढंच चालायचं."

"ते काढलं, तर मला औषध कोण पाजणार गं?"

"स्वतःचं स्वतः प्या की. हात आहेत ना?" ती म्हणाली आणि डोळे पुसत गल्ल्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नेलिडाच्या नावाने खेळात शिरलो. तिच्या पिशवीत औषधेच औषधे होती. तलवारीला धार लावायचा दगडसुद्धा नव्हता. गावाबाहेरच्या नदीत मी तिला गुडघाभर पाण्यात नेले. हातमोजे काढले, छातीचा पत्रा काढला. आत सगळ्यांना असतो तसा पांढरा सदरा होता. मग शिरस्त्राण काढले. खाली केस होते, तिचे आजारपणाआधी होते तसे, कमरेपर्यंत.

टाकायचे का, असे खेळाने विचारले. पुन्हा मिळणार नाही, असेही सांगितले. मी हो म्हटले.

निळे खवले पाण्यावरून तरंगत गेले आणि वळणावर दिसेनासे झाले. ती तिथेच उभी होती, श्वास घेत.

मी खुर्ची मागे सारली. ग्लॅडिस दारापर्यंत माझ्यामागे चालत आली. तिचा हात माझ्या मानेवर होता.