बाबा थांबायचे ती जागा

बाबा गेल्यावर तिनं त्यांची इलेक्ट्रिक गिटार कुणाला दिली नाही, आठवण म्हणून भिंतीवर टांगलीही नाही. ती शिकायला बसली. वय पंचेचाळिशी ओलांडलेलं. दिवसभर बोटं प्लास्टरच्या धुळीत, कारण दंतवैद्यांना दातांच्या टोप्या करून देणाऱ्या लॅबमध्ये ती कामाला होती. ‘या वयात ही कसली थेरं?’ असं विचारायलाही घरात कुणी उरलं नव्हतं. आई आधीच गेली होती. तेवढी सोय झाली म्हणायची.

बाबा दिवसा विजेचे मीटर दुरुस्त करत आणि शनिवारी संध्याकाळी नाचाच्या हॉलमध्ये रॉकबिली वाजवत. जुनं, उड्या मारत जाणारं संगीत. बसलेल्या माणसाचा पाय त्याच्या परवानगीशिवाय हलू लागावा असं. त्यातली सगळी मेख उजव्या हातात. पिक, म्हणजे नखाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, अंगठा आणि तर्जनीत धरायचा. त्यानं जाड तारांवर खर्ज चालू ठेवायचा. तळव्याची कड ब्रिजवर, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात त्या पट्टीवर, टेकवायची, म्हणजे तो खर्ज घुमत नाही, नुसता ठुकठुकतो. आणि त्याच वेळी मोकळ्या राहिलेल्या मधल्या बोटानं नि अनामिकेनं बारीक तारा खेचून वरचे सूर काढायचे. “एका हातात दोन माणसं नांदवायची,” बाबा म्हणत, “आणि भांडण बाहेर ऐकू येऊ द्यायचं नाही.”

तिच्याकडची दोघं रोज भांडत. अनामिका हलली की अंगठा थबके. अंगठा सांभाळावा तर अनामिका भलत्याच तारेला जाऊन भिडे. लॅबमधून आली की कपडे बदलायच्या आधी ती स्टुलावर बसे आणि नुसता खर्ज धरून राही, शेजारच्यांनी भिंत ठोकेपर्यंत. हळूहळू हात बसू लागला.

शिकवायला बाबांचा फोन होता. त्यात त्यांनी स्वतः केलेलं एकच रेकॉर्डिंग होतं, शेवटच्या हिवाळ्यातलं. त्यांच्या बँडची ठरलेली सुरुवातीची ओळ, एकट्यानं वाजवलेली. मागे नळ ठिबकतोय, म्हणजे स्वयंपाकघरात बसले असणार. ओळ तीनदा वर चढते. तिसऱ्या चढणीला, अगदी बारीक तारेवर जायच्या आधी, बाबा किंचित थांबत. उंबरा ओलांडताना माणूस पाय उचलून घरात कोण आहे ते बघतो, तसे. मग सूर येई.

ही जागा तिनं सगळ्यात शेवटी घेतली आणि सगळ्यात नीट घेतली. साच्यातून दात उतरवताना बारीकशी चीरसुद्धा सोडायची नाही, ही तिच्या हाताची सवय. ती जागा आली की खोलीत बाबा आहेत असं वाटे. तेवढ्यासाठी ती पुन्हा सुरुवातीपासून वाजवे.

शिडीकाकांचा फोन आला तेव्हा ती तयार होती. काका बाबांच्या बँडमध्ये डबल बेस वाजवत, उभं धरून वाजवायचं ते अजस्र व्हायोलिन. उंचीमुळे बाबांनी ठेवलेलं नाव त्यांच्या बायकोनंही उचललं होतं. आता ते कायमचे मुलाकडे निघाले होते, दूर. बेस तिकडे नेता येणार नव्हता.

“जायच्या आधी एकदा वाजवू, पोरी,” ते म्हणाले. “तुझ्या बापाची ओळ तुझ्या हातून ऐकली की मी मोकळा.”

तिला एवढंच हवं होतं: काकांनी डोळे मिटावेत आणि क्षणभर त्यांना बाबाच वाजवताहेत असं वाटावं.

रविवारी दुपारी काकांनी तो माणसाएवढा बेस जिन्यातून धापा टाकत वर आणला. “यापेक्षा बासरी शिकलो असतो तर गुडघे वाचले असते,” म्हणाले. पाणी प्यायले, तारा लावल्या, मानेनं खूण केली.

पहिली चढण, दुसरी चढण. काका बेसची तार खेचून लाकडावर चापटत होते, जमीन हलत होती. तिसऱ्या चढणीला दोघं एकमेकांवर आदळले.

“पुन्हा.”

पुन्हा तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

“अगं, थांबतेस कशाला तिथं? कुत्रं आडवं आलं का?”

“बाबा थांबतात.”

“तुझा बाप? तो बायकोनं हाक मारली तरी थांबायचा नाही.”

तिनं रेकॉर्डिंग लावलं. काकांनी डोळे मिटले, पण तिला हवे होते तसे नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी बेस भिंतीला टेकवला.

“अर्धांगाच्या झटक्यानंतरचं आहे हे. अनामिका वर यायची नाही त्याची. ‘लेकाचं कामावर उशिरा येतं आणि मस्टरवर सहीसुद्धा करत नाही,’ असं म्हणायचा बोटाला. सुधारतंय का बघायला केलं असणार.” मग म्हणाले, “माझ्यासमोर तर त्यानं गिटार हातात घ्यायचंच सोडलं. चहा प्यायचो, क्रिकेटवर बोलायचो, मी घरी जायचो.”

त्या दिवसांत दर शनिवारी ती बाबांना भेटायला जाई तेव्हाही गिटार पेटीत बंद असे. बाबांना कंटाळा आला असेल, असं तिला वाटलं होतं.

“गवयाचं गाणं उचलताना त्याचा खोकलापण उचललास की गं,” काका म्हणाले. हसायला गेले, पण नीट जमलं नाही.

“मला तीच जागा हवीये, काका.”

“मग ठेव ना. पण ती एकटीनं वाजव. माझ्याबरोबर वाजवायचं तर चालत राहावं लागेल. आपण थांबलो तर नाचणारे पडतात.”

खोलीत नाचणारं कुणी नव्हतं. तिनं पिक धरला.

दुपारभर लागलं. दर वेळी तिसऱ्या चढणीपाशी हात आपणहून अडे आणि काका “चल!” म्हणून ओरडत. मग एकदा तो अडला नाही. ओळ वर गेली, वळली, खाली उतरली, खालून बेस तिला ढकलत राहिला, आणि काकांनी मान मागे टाकून तोंडानं एक आरोळी ठोकली. नाचाच्या हॉलमध्ये ठोकत असतील तशी. ओळ संपली तरी ते थांबले नाहीत, म्हणून तीही थांबली नाही.

“हा! हा तुझा बाप!” ते म्हणाले. कपाळ घामानं भिजलं होतं. “तू जन्मायच्या आधीचा.”

त्या माणसाला ती कधी भेटली नव्हती.

जाताना काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बेस घेऊन एकेक पायरी उतरत गेले.

ती स्टुलावर परत बसली आणि जुन्यासारखं वाजवून पाहिलं. थांबता येत होतं, पण आता ती मोजून थांबत होती. नाटकातल्यासारखं वाटलं. तिनं पुन्हा पाहिलं, पुन्हा. शेवटी फोन समोर ठेवला आणि बाबांबरोबर वाजवू लागली. दोन चढणी दोघांनी एकत्र केल्या. तिसरीला तिचा सूर आला, आणि मग मागून त्यांचा. तिला मागे फिरता येईना.

तिची ओळ आधी संपली. बाबांची थोडी उरली होती. तिनं तळवा तारांवर ठेवून आपला आवाज बंद केला, आणि त्यांचं होईपर्यंत ऐकत राहिली.