चार बोटं जास्त

लष्करातल्या आमच्या कक्षाचं काम होतं चुका गोळा करणं. सरावात किंवा परदेशी सैन्यांबरोबरच्या संयुक्त कवायतीत काय चुकलं ते तुकड्यांनी आम्हाला कळवायचं आणि आम्ही ते नीट लिहून सगळीकडे पाठवायचं, म्हणजे पुढचा माणूस त्याच खड्ड्यात पडणार नाही. कल्पना उत्तम होती. पण सात वर्षांत मी तिथे एकही चूक पाहिली नाही. जो अहवाल उघडावा त्यात सगळं समाधानकारक. इतकं येतंय तर सराव करता कशाला, असं विचारायला माझी जीभ नेहमी शिवशिवायची.

मी लतिका रामटेके, तिथली असिस्टंट. मूळची भंडाऱ्याची, राहायला दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. माझं डोकं लवकर तापतं असं घरचे म्हणतात. खरंच आहे ते.

२००३च्या ऑगस्टमध्ये एक सुभेदार माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. उंचापुरा गडी, उन्हानं नाक सोललेलं. पाटीवरचं मराठी आडनाव वाचून आले होते.

"ताई, मी दिनकर वानखेडे, अकोल्याचा. त्या जुलैच्या सरावात जो माणूस मेला ना, तो मी."

मी त्यांना बसायला सांगितलं. मेलेल्या माणसाला चहा विचारायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती.

झालं होतं असं. त्या सरावात आपल्यासह सात देशांच्या तुकड्या होत्या. वानखेड्यांच्या वाट्याला जखमीचं सोंग आलं. गळ्यात पाटी, 'पोटात गोळी'. स्ट्रेचर आपलं, अँब्युलन्स दुसऱ्या देशाची. त्यांना उचलून आत सरकवलं तर स्ट्रेचरचे दांडे चार बोटं बाहेर. दार काही लागेना, आणि दार उघडं ठेवून गाडी हलवायची नाही असा त्या देशाचा नियम. मग एक अधिकारी आपल्या भाषेत तावातावानं बोलला, दुसरा आपल्या, आणि दुभाषा तिसऱ्याच देशाचा. वानखेडे पावणेदोन तास उन्हात पडून. शेवटी सरावाचा निकाल देणारा अंपायर आला, घड्याळ पाहिलं आणि त्यांच्या छातीवर खडूनं फुली मारून गेला.

"मेल्याचं दुःख नाही, ताई," ते म्हणाले. "उलट आराम झाला. पण दहा ऑक्टोबरला आमची पलटण आफ्रिकेत चालली, शांतिसेनेत. तिथं गाड्या तशाच आन् स्ट्रेचर हेच. तिथं गळ्यात पाटी नसते. खरंच गोळी लागते."

त्यांनी लिहून आणलेला कागद माझ्यापुढे ठेवला. चारच ओळी. दांडे लांब, दार लागत नाही, जखमी मेला, दांडे कापावेत. सात वर्षांत पहिल्यांदा मला आमच्या कक्षाचा उपयोग दिसला.

मी कागद टाईप करून वर पाठवला. आमच्याकडे कागद वर जायचा म्हणजे प्रत्येक टेबलावर त्याची थोडी हजामत व्हायची. कॅप्टननं 'मेला'च्या जागी 'अपेक्षित परिणाम साधला नाही' घातलं. मेजरनं 'दांडे लांब'च्या जागी 'मापांत सुसूत्रता आणण्यास वाव आहे' लिहिलं. मग कागद कर्नल राघव कानिटकरांकडे पोचला आणि त्यांनी आपल्या सुवाच्य अक्षरात शेवटचा हात फिरवला. 'जखमीस मोकळ्या हवेत पुरेसा वेळ देण्यात आला. वाहनात हवा खेळती राहिली. एकंदर अनुभव समाधानकारक.' दांडे कापायची ओळ गायब.

मी तशीच उठून त्यांच्या खोलीत गेले.

"सर, माणूस मेला यात, आणि आपण हवा खेळती राहिली लिहितोय?"

"खोटा मेला, रामटेके मॅडम."

"ऑक्टोबरात खरा मरेल."

कर्नलसाहेब पुण्याचे, माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला शांतपणे समजावलं. वीस सप्टेंबरला सरावाचे अहवाल वाचायला सातही देशांचे अधिकारी जमणार, आपण यजमान. "घरातलं भांडण कुणी चौकात सांगतं का? बाकीचे सगळे कसे वाचतील? एक्सलंट, एक्सलंट. आणि आपण उठून म्हणायचं, आमचं स्ट्रेचर गाडीत जात नाही?" नोव्हेंबरात त्यांचं प्रमोशनचं बोर्ड होतं हे ते बोलले नाहीत. ऑफिसातल्या पाणी देणाऱ्याला पण ते माहीत होतं.

मी संतापानं लालबुंद होऊन जागेवर आले. शेजारच्या टेबलावरचे द्वारकाप्रसादजी म्हणाले, "मॅडम, नौकरी है, लड़ाई थोड़े ही है." लष्कराच्या ऑफिसात बसून!

दोन दिवसांनी साहेबांनी मला खासगी पत्र घ्यायला बोलावलं. त्यांनी नुकताच गुडगावात नव्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. स्विमिंग पूल, दोन लिफ्ट, काचेची बाल्कनी. पण सासऱ्यांनी लग्नात दिलेला शिसवी पलंग बेडरूमच्या दारातून आत जाईना. तो लॉबीत उभा होता आणि वॉचमन त्यावर शर्ट वाळत घालायचा. साहेब येरझाऱ्या घालत बिल्डरला पत्र सांगत होते. "लिहा! तुमचं दार अरुंद आहे. माझा पलंग आत जात नाही. हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. पंधरा दिवसांत दार रुंद करा, नाहीतर कोर्टात खेचतो!" काय भाषा! एक शब्द इकडेतिकडे नाही.

मी टाईप करायला बसले आणि माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. अर्ध्या तासानं सहीला कागद ठेवला तो असा.

'आपल्या दाराच्या व आमच्या पलंगाच्या मापांत सुसूत्रता आणण्यास वाव असल्याचे आढळले. पलंगास लॉबीतील मोकळ्या हवेत पुरेसा वेळ देण्यात आला. बेडरूममध्ये हवा खेळती राहिली. एकंदर अनुभव समाधानकारक.'

साहेबांनी पेन उघडलं, वाचलं, पुन्हा वाचलं. त्यांचे कान लाल झाले.

"हे काय आहे?"

"आपल्याच कक्षाची पद्धत आहे, सर."

"असलं पत्र गेलं तर तो गाढव दार रुंद करेल का?"

क्वार्टर सरकारी होतं, नवऱ्याची नोकरी तात्पुरती होती, मुलगी श्रावस्ती दहावीला होती. हे सगळं मला कागद ठेवल्यावर आठवलं.

"जा तुम्ही," साहेब म्हणाले. बिल्डरचं पत्र त्यांनी हातानं लिहिलं. अहवाल मात्र होता तसाच राहिला. मी वानखेड्यांना फोन करून खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "असू दे ताई, तुम्ही बोलल्या तरी," आणि मला जास्तच लाज वाटली.

वीस तारखेची बैठक गुडगावच्या एका कोऱ्या हॉटेलात होती. पुढून सगळी काच, मागच्या शेतात म्हशी. मी फायली घेऊन मागच्या रांगेत बसले. एकेक देश उठला आणि आपापला अहवाल वाचून बसला. सगळं एक्सलंट होतं. तिसऱ्या देशापर्यंत दोन अधिकाऱ्यांचा डोळा लागला होता आणि बाकीचे खिडकीतून म्हशी पाहत होते.

मग आमचे साहेब उठले. कागद वाचायला लागले. 'जखमीस मोकळ्या हवेत' इथपर्यंत आले आणि थांबले. पाणी प्यायले. कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"आमचं स्ट्रेचर तुमच्या गाडीत जात नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "चार बोटं लांब आहे. आमचा माणूस पावणेदोन तास उन्हात पडला आणि मेला. सरावात मेला. अहवालात आम्ही लिहिलं, हवा खेळती राहिली. ते मी लिहिलं."

कुणीतरी हसलं. आता यांची शोभा होणार आणि माझ्यामुळे होणार, असं वाटलं. तेवढ्यात दक्षिण अमेरिकेतल्या एका छोट्या देशाचा मेजर उभा राहिला. मघाशी सगळ्यात गोड अहवाल त्यानंच वाचला होता.

"आमचंही जात नाही," तो म्हणाला. "आमचा माणूस सरावात मेला नाही. दोन वर्षांपूर्वी मोहिमेवर मेला. एकवीस वर्षांचा होता."

साहेबांनी आमच्या दांड्यांचं माप सांगितलं आणि बाकीच्यांची मापं मागितली.

जेवणाच्या सुट्टीत कुणी जेवलं नाही. सात देशांचे अधिकारी हॉटेलच्या फोनपाशी रांग लावून आपापल्या मुख्यालयांना मापं विचारत होते आणि मी कागदी रुमालांवर ती उतरवून घेत होते. सात देशांची पाच मापं निघाली. एका कर्नलला आपल्या गाडीचं माप कळेना, तर त्यानं बायकोला फोन केला. ती तिकडे लष्करी गॅरेजात कामाला होती. तिनं पाच मिनिटांत कळवलं.

दांडे कापायची मंजुरी मागितली तर वरून उत्तर आलं, जानेवारीत विचार करू. पलटण दहा ऑक्टोबरला निघणार. साहेबांनी वानखेड्यांना बोलावलं आणि म्हणाले, "करवत आहे का?"

"आहे, साहेब."

"मग जानेवारीची वाट कशाला बघता?"

पलटणीच्या वर्कशॉपमध्ये दोन दिवसांत चाळीस स्ट्रेचर कापली गेली. सरकारी मालमत्तेची मोडतोड केल्याबद्दल साहेबांकडे खुलासा मागितला गेला आणि बोर्डात त्यांचं नाव आलं नाही. मला फार वाईट वाटलं. तसं मी त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "मॅडम, ते कागद आत पाठवा," आणि काम करत राहिले.

डिसेंबरात आफ्रिकेतून वानखेड्यांचा संदेश आला. मी तो जागेवर उभी राहून वाचला. गस्तीवर गोळीबार, एक जखमी. जवान नेपाळचा, स्ट्रेचर आपलं, गाडी तिसऱ्याच देशाची. दार लागलं. अकरा मिनिटांत इस्पितळात. प्रकृती स्थिर.

मी कागद साहेबांसमोर ठेवला. त्यांनी पेन उचललं तेव्हा वाटलं, झाली याचीही हजामत. त्यांनी खाली सही केली, तारीख घातली आणि कागद परत दिला.

जागेवर येऊन मी टेबलावर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडले. द्वारकाप्रसादजी घाबरून उठले.

"क्या हुआ मॅडम? कोई गुज़र गया?"

"नहीं जी," मी म्हणाले. "बच गया."