ओढ्यापलीकडे हाक नेणारा पत्रा

मी एक जुना तेलाचा डबा आहे. खरे सांगायचे तर अख्खा डबा आता उरलेलो नाही. माझ्या एका कुशीचा वाकवलेला पत्रा तेवढा शिल्लक आहे. पण मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. निपाणीजवळच्या आमच्या गावात, आकाशात उडणाऱ्या यंत्राला ओढ्यापलीकडे हाक पोचवणारा मी एकटाच आहे, आणि हे मी छाती पुढे काढून सांगतो. माझी छाती आत वळलेली आहे खरी, पण त्याचे कारण पुढे कळेलच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडी पत्र्यावर कथलाचा पातळ थर चढवला, चार बाजू दुमडल्या, सांध्यांना डाख दिला आणि पोटात पंधरा किलो शेंगतेल भरून मला जगात धाडले. निपाणीच्या बाजारातून मी बाबगोंडा पाटील यांच्या घरी आलो. त्यांच्या सूनबाई पद्मावती यांनी तेल संपल्यावर मला गरम पाण्याने स्वच्छ धुतले, वर झाकण बसवून घेतले आणि माझ्यात ज्वारी भरली. हे घर जैनांचे. इथे किड्यामुंगीलाही मारत नाहीत. म्हणून किड्याने आत शिरूच नये, हे काम माझ्याकडे आले. ते मी असे चोख केले, की पद्मावतीबाई शेजारणींना सांगायच्या, "डबा असावा तर असा." हे शब्द मी अजून विसरलेलो नाही.

पुढे घरात प्लास्टिकचे रंगीत पिंप आले आणि माझी रवानगी परसात झाली. कधी कुणी माझ्यात पाणी तापवले, कधी फुटक्या कौलांचे तुकडे भरले. माझा तळ गंजला. एके दिवशी मला भंगाराच्या ढिगावर ठेवले, तेव्हा मीही मनात म्हटले, चला, झाले आपले. मला वाईट वाटले. कुणालाही वाटेल.

त्याच दिवसांत घरात ड्रोन आला. बाबगोंडा आज्जांचा नातू अरिहंत बेळगावात, टिळकवाडीतल्या एका ऑफिसात नोकरी करतो. धाकट्या बहिणीला, प्रियाला, चित्रे टिपण्याचा नाद. म्हणून त्याने तिला हा कॅमेरावाला ड्रोन आणून दिला. काय त्याचा थाट! चार पंखे, खोक्यात मऊ गादी. खोक्यावर लिहिले होते, की हा फार लांब जातो. प्रत्यक्षात तो गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत गेला, की प्रियाच्या मोबाईलवरचे चित्र अडखळायचे, थिजायचे, आणि साहेब आपोआप घरी परत यायचे. नाव मोठे आणि लक्षण खोटे, असे मी ढिगावरून म्हणत असे. नंतर कळले, की दोष त्याचा नव्हता. खोक्यावरची गोष्ट मोकळ्या माळरानाची होती. आमच्याकडे मध्ये घरे, विजेच्या तारा आणि ओढ्याकाठची झाडे. त्यातून रिमोटची हाक त्याच्यापर्यंत पोचायचीच नाही.

अरिहंतने उपाय केला. त्याने रिमोटच्या दोन्ही अँटेनांची टोके बंदूक रोखावी तशी ड्रोनवर रोखली. चित्र आणखीच लवकर गेले.

"अण्णा, टोक न्हाय रोखायचं," प्रिया म्हणाली. "टोकातनं काय जात न्हाय. हाक जाती ती अंगाकडनं. काड्या उभ्या धर."

अँटेना उभ्या धरल्यावर थोडा फरक पडला. पण प्रियाचे समाधान थोड्यावर होणारे नव्हते. ती विचार करत परसात आली. बांधावरून लांबच्या माणसाला हाक मारायची तर आपण तोंडाभोवती हात धरतो ना? आवाज तेवढाच असतो, पण तो इकडे तिकडे न सांडता समोर जातो. तसा हात अँटेनेमागे धरता आला तर? आणि मित्रांनो, तेव्हा तिची नजर माझ्यावर पडली.

तिने पुठ्ठ्याचा साचा बेतला, कात्रीने माझी एक कूस कापली, आत वळण दिले, दोन भोके पाडली आणि मला रिमोटच्या अँटेनांमागे बसवले. माझी छाती आत वळली ती अशी. अरिहंत पोट धरून हसला. "अगं, विमानाला डबा बांधतीस व्हय?"

त्याच संध्याकाळी ड्रोन ओढा ओलांडून गेला आणि चित्र लख्ख राहिले. अरिहंतचे हसू तिथेच संपले. तुम्हाला वाटेल, मी ताकद वाढवतो. नाही. रिमोटची ताकद होती तेवढीच राहिली. मागे वाया जाणारी हाक मी अडवतो आणि पुढे लोटतो, बस्स. म्हणून माझा एक कडक नियम आहे. माझे तोंड जिकडे, तिकडेच हाक जाते. पाठीमागे मी जवळजवळ बहिराच.

आता ज्या दिवसासाठी मी हे सांगायला बसलो आहे, तो दिवस ऐका.

दिवाळीच्या आधीचे कडक ऊन होते आणि तिथी चतुर्दशीची होती. चतुर्दशीला आज्जा दुपारी एकदाच जेवायचे आणि पाणीही तेव्हाच घ्यायचे. दिवस बुडाल्यावर तर त्यांच्या तोंडात काही जात नसे. दुसरा नेम पाणी गाळण्याचा. पाणी पांढऱ्या फडक्याने गाळायचे, आणि फडक्यावर राहिलेले, डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव थोड्या पाण्यासह ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत परत सोडायचे. त्याला जिवाणी म्हणतात. घरात नळ आला तरी आज्जांनी गाळणे सोडले नाही. पण गेल्या वर्षापासून त्यांची आठवण विटत चालली होती. काल काय झाले ते विसरायचे आणि तरुणपणीची गोष्ट आज चालू आहे असे समजायचे. नळाचे पाणी त्यांना ओढ्यापलीकडच्या जुन्या विहिरीचे वाटे. ते शेत केव्हाच दुसऱ्याकडे गेले होते आणि विहिरीची वाट उसाखाली बुजून गेली होती.

त्या सकाळी प्रिया कट्ट्यावर उभी राहून ड्रोन उडवत होती. आज्जा हातात पितळी तांब्या घेऊन बाहेर आले.

"बाळ, जिवाणी सोडाय जायचं हाय हिरीवर. येतीस न्हवं?"

"व्हय आज्जा, जाऊया," प्रिया म्हणाली. तिचे डोळे पडद्यावर होते आणि माझे तोंड आभाळाकडे.

आज्जा जरा वेळ थांबले. मग ते निघाले, तेही मी पाहिले नाही. लांब जाणाऱ्या चपलांचा आवाज तेवढा ऐकला.

दुपारी पद्मावतीबाईंनी ताट वाढले आणि आज्जांना हाक मारली. आज्जा घरात नव्हते. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, बघितले, देवदर्शनालाही ते आलेले नव्हते. गावाबाहेरच्या बसथांब्यावरही नव्हते. सुट्टीवर घरी आलेला अरिहंत मोटारसायकल घेऊन निपाणीच्या रस्त्याने जाऊन आला. हळूहळू सारी गल्ली दारात जमली.

"मामांनी काल दिवस बुडल्यापासनं पाण्याचा थेंब घेतल्याला न्हाय," सासऱ्यांना मामा म्हणणाऱ्या पद्मावतीबाई रडत म्हणाल्या. "आणि दिवस बुडल्यावर घावलं तर सकाळपतोर घ्यायचं बी न्हाईत. ह्या वयात कसं निभायचं?"

प्रियाचा चेहरा उतरला. "आई, आज्जानं मला सांगितलतं. हिरीवर जायचं म्हणून. मी बघितलंच न्हाय त्यांच्याकडं."

"कुठली हीर?" अरिहंतने विचारले. त्याने ती कधी पाहिलीच नव्हती.

"ओढ्यापल्याड," पद्मावतीबाई म्हणाल्या. "मी नवी नवरी असताना गेलते एकदा. आता समदा ऊसच हाय तिथं."

अरिहंत चार माणसे घेऊन पळाला. पण मित्रांनो, ऑक्टोबरातला ऊस तुम्ही पाहिला आहे का? माणूस आत शिरला, की हातभर अंतरावरचा माणूस त्याला दिसत नाही. हाका माराव्यात तर आज्जांना कमी ऐकू येते. वरून बघणे हाच एक मार्ग होता.

प्रियाने अंगणातून ड्रोन उडवला. सगळी गल्ली पडदा बघायला तिच्याभोवती गोळा झाली. शेजारचे मारुतीराव तर थेट माझ्या पुढ्यात उभे राहिले आणि बोटाने दिशा दाखवू लागले. "तिकडं घे. न्हाय न्हाय, जरा डावीकडं. आता खाली!" उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच. माणसाच्या अंगात पाणीच पाणी असते आणि पाणी आमची हाक गिळून टाकते. मारुतीरावांचे अंग तर चांगले भरलेले. ओढ्याच्या अलीकडेच चित्र थिजले आणि ड्रोन रिकाम्या हाताने परत आला. एक बॅटरी संपली. भरलेली एकच उरली.

प्रियाने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग समोरच्या गर्दीकडे पाहिले. तिला कळले.

"मारुतीकाका, बाजूला व्हा. सगळी माझ्या मागं जावा!"

"अगं, मी दावतोय की तुला!"

"तुमी दावताय खरं, पर डब्याच्या तोंडावर उभं हायसा!"

ती गच्चीवर गेली आणि तिथल्या पाण्याच्या टाकीवर चढली. मारुतीरावांचे एक मानले पाहिजे. चूक कळताच त्यांनी शिडी घट्ट धरली आणि "पुढं कोन जायचं न्हाय!" असे सगळ्यांत मोठ्याने तेच ओरडू लागले. वर ना घर मध्ये होते, ना तारा. ओढ्याकाठच्या झाडांचे शेंडेही खाली राहिले. प्रियाने दोन्ही पाय रोवले, मला ओढ्यापलीकडे रोखले आणि ड्रोन सोडला.

ओढा मागे पडला. चित्र हलले नाही. खाली नुसता हिरवा ऊस. मागून आईची हाक आली. गर्दी गलका करत होती. अशा वेळी कुणीही मान वळवेल, आणि मान वळली की खांदे वळतात, खांदे वळले की मी वळतो.

"आई, काय हाय ते तिथनंच सांग," प्रिया म्हणाली. "मला वळाय येत न्हाय."

माझे तोंड तिने तसूभरही हलू दिले नाही. अशा हातात असण्याचा मला अभिमान वाटला.

आणि उसाच्या मधोमध काहीतरी चमकले. तांब्या! माझाच भाऊबंद, धातूच्या जातीचा. त्याच्या शेजारी विहिरीचा दगडी कठडा आणि कठड्याला टेकलेले पांढरे धोतर. आज्जा हलत नव्हते. ड्रोन जरा खाली उतरला, तसा आज्जांनी हात उचलून कपाळावर धरला आणि वर पाहिले.

"हायत! आज्जा हायत! अण्णाला फोन लावा, ड्रोनच्या खाली या म्हणावं!"

उसात हरवलेल्या माणसांना खूण हवी होती, आणि आता आभाळात खूण होती. पण बॅटरी तांबडी दाखवू लागली. ड्रोन आपल्या सवयीने परत फिरायला निघाला. प्रियाने त्याला परवानगी दिली नाही. त्याला विहिरीवरच थांबवून धरले. लाडका ड्रोन पडेल हे तिला ठाऊक होते, आणि तिने दुसरा विचार केला नाही. थोड्या वेळाने पडद्याच्या कडेला ऊस हलला, अरिहंतचा लाल शर्ट दिसला, आणि चित्र काळे झाले.

तरीही ती वळली नाही. खालून मारुतीराव फोन कानाला लावून ओरडले, "घावलं! पाय मुरगाळलाय, बाकी धडधाकट हायत!" तेव्हा कुठे ती मला मांडीवर घेऊन टाकीवर बसली आणि मनसोक्त रडली.

अरिहंतने आज्जांना पाठुंगळी आणले. ऊन कलले होते, पण दिवस बुडाला नव्हता. पद्मावतीबाईंनी फडक्याने पाणी गाळले आणि तांब्या त्यांच्यापुढे धरला. आज्जांनी आधी एकच गोष्ट सांगितली, "जिवाणी पोचली आपल्या घरला," आणि मग सगळे पाणी प्याले.

दाट उसात पडलेला ड्रोन ऊसतोडीच्या वेळी सापडला. दोन पंखे आणि बॅटरी बदलल्यावर तो पुन्हा उडू लागला. आता तो माझ्याशी आदराने वागतो, निदान मी तरी तसे समजतो.

एका सकाळी आज्जा कट्ट्यावर बसून मला उलटसुलट करून बघत होते.

"ह्यो आपला तेलाचा डबाच की गं. ह्यो काय करतोय?"

"आज्जा, ह्याचं काम एवढंच," प्रिया म्हणाली. "ज्याच्याकडं ह्याचं तोंड, त्याला आपली हाक लई लांबनं बी पोचती."

आज्जांनी मला खाली ठेवले. त्यांना त्या दिवसातले किती आठवत होते कोण जाणे. पण ते हसून म्हणाले, "मग त्या दिशी सकाळी माझ्याकडं करायचं की तोंड. मी तर हातभर अंतरावर हुतो."

प्रियाने आज्जांचा हात धरला. दर चतुर्दशीला जेवणाआधी ती त्यांच्याबरोबर ओढ्यापलीकडे जाते. शेताच्या नव्या मालकाने विहिरीपर्यंत एका माणसापुरती वाट सोडली आहे.

मित्रांनो, जुना डबा टाकू नका, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठी गोष्ट सांगतो. लांब पोचायला मोठी ताकद लागत नाही. तोंड नीट वळवावे लागते. आकाशातल्या यंत्राकडे मला खुशाल रोखा. घरातल्या माणसाने हाक मारली, की मात्र मला खाली ठेवा.

आमच्या घरी आता तसेच होते. आज्जांची हाक आली, की प्रिया ड्रोन उतरवते, मला कट्ट्यावर पालथा घालते आणि अख्खी त्यांच्याकडे वळते. मी मोठा मानी डबा आहे, पण तसे पालथे पडून राहण्यात मला कधीच कमीपणा वाटलेला नाही.