शेवटाकडून वाचलेला कागद

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी शिपाई सहावीच्या वर्गाच्या दारात आला आणि बाईंना मुख्याध्यापकांनी खाली बोलावलंय म्हणाला. फळ्यावर सात ओळींचा उतारा होता. त्यात बाईंनी स्वतःच्या हाताने बारा चुका पेरल्या होत्या आणि मुलांनी त्यातल्या पाच शोधल्या होत्या.

"पोलीस आलाय," शिपाई हळू आवाजात म्हणाला, पण पहिल्या बाकापर्यंत ते पोचलंच.

"बाई, तुम्हाला पकडायला आले?"

"एखादी वेलांटी चोरली असेल बाईंनी!"

वर्ग खदखदला. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी खडू ठेवला, पदराला हात पुसले आणि "उरलेल्या सात मी येईपर्यंत सापडल्या पाहिजेत" एवढं सांगून त्या निघाल्या. जाताना सवयीने पटावर नजर गेली. मुंगी आज आली नव्हती. त्या पोरीचं अक्षर इतकं बारीक की साऱ्या वर्गाने तिचं नाव मुंगी ठेवलं होतं, आणि आता शिक्षकांच्या खोलीतही तेच चालत होतं.

जिना उतरताना बाईंचे गुडघे कुरकुरले. दिवसाला सहा तास, आठवड्याला त्रेचाळीस कागदांचे दोन गठ्ठे. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं, इंग्रजीत स्पेलिंग आणि कॅपिटल अक्षरं. स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं काढायला शिकवता शिकवता वर्ष सरायचं आणि पुढच्या वर्षी नवी मुलं पुन्हा लहान अक्षराने सुरुवात करायची.

शाळेत येण्याआधी बाईंनी एका दैनिकात एकोणीस वर्षं मुद्रितं तपासली होती. तिथे त्या दोन गोष्टी शिकल्या. पहिली, मजकूर शेवटाकडून वाचायचा. शेवटचा शब्द, मग त्याच्या आधीचा, असं करत वर जायचं. सुरुवातीपासून वाचलं की अर्थ माणसाला ओढून नेतो आणि डोळा चुकीवरून घसरतो. दुसरी, तपासून झालेल्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात वेळ टाकायची, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर हा कागद कधी कुणाच्या हातात होता ते सांगता येतं. पहिली गोष्ट त्या मुलांना शिकवत. दुसरी कुणाला शिकवली नव्हती, पण हाताला लागलेली सवय सुटली नव्हती.

मुख्याध्यापकांच्या खोलीत टेबलाच्या अलीकडे चौकीवरचा अधिकारी बसला होता. भिंतीलगतच्या खुर्चीवर मुंगीची आई होती. ती लाँड्रीत इस्त्री करायची, दोन्ही मनगटांवर भाजल्याचे जुने डाग. तिला बाई पालकसभेत एकदाच भेटल्या होत्या. कोपऱ्यात मुंगी उभी होती, दप्तर पाठीवर तसंच.

"हा कागद ओळखता?" अधिकाऱ्याने विचारलं.

बाईंनी चष्मा चढवला. वहीतून फाडलेलं पान. निळ्या शाईत मोठं, उभट अक्षर. त्यावर लाल पेनाने मुंगीच्या बारीक दुरुस्त्या. त्यावर बाईंची हिरवी शाई: दोन स्वल्पविराम, २३/२५, "छान. स्वल्पविरामाकडे लक्ष दे. पालकांची सही आणणे."

"ओळखते. गेल्या गुरुवारी मी मुलांना सांगितलं होतं, घरातला कुणाच्या तरी हातचा कागद आणा. यादी, चिठ्ठी, काहीही. तो शुक्रवारी वर्गात तपासायचा."

"मग हा तुम्ही वाचलात?"

"तपासला."

"म्हणजे वाचलात."

"नाही. तपासला."

अधिकाऱ्याने मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मुख्याध्यापकांनी पेपरवेट उचलला आणि परत ठेवला.

"यांचा नवरा शुक्रवारी पहाटे घरातून गेला," अधिकारी म्हणाला. "फोन बंद. शुक्रवारी संध्याकाळी यांनी तक्रार दिली. शनिवार, रविवार आम्ही दवाखाने पालथे घातले. आणि काल संध्याकाळी पोरीने सहीसाठी हा कागद यांच्यासमोर धरला. नवऱ्याचं पत्र आहे हे. चहाच्या डब्याखाली ठेवलं होतं. ह्या पहाटे पाचच्या पाळीला गेलेल्या. पोरगी सातला उठली, शाळेसाठी कागद हवाच होता, हा दिसला, घेतला."

बाईंनी कागद पुन्हा जवळ घेतला. डोळे आपोआप तळाशी गेले. त्यांनी ते बळेच वर आणले आणि पहिल्यांदा पहिल्या शब्दापासून वाचायला लागल्या.

मी जातो कामाला. लांब आहे. सहा महिने. तुला सांगितलं असतं, तर तू रडली असतीस. शनिवारी पाचला जुन्या डेपोच्या फाटकातून गाडी आहे. तू आलीस आणि नको म्हणालीस, तर मी जाणार नाही. पोरीला हाक मारली नाही, झोपली होती.

एवढंसं पत्र. यातला एकेक शब्द त्यांनी सुटा करून, उजेडात धरून पाहिला होता.

"आणि हे काय आहे?" अधिकाऱ्याने कोपऱ्यावर बोट ठेवलं. हिरव्या शाईत लिहिलं होतं: शनि. ४.१०.

"मी तपासल्याची वेळ."

"शनिवारी दुपारी चार दहा?"

"हो."

"तुम्ही राहता कुठे?"

बाईंनी सांगितलं. तिथून डेपो बसने दोन थांबे. अधिकाऱ्याने ते डायरीत लिहिलं.

"म्हणजे पन्नास मिनिटं होती," मुंगीची आई म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलत होती. आवाज चढलेला नव्हता. "आमची लाँड्री डेपोच्या मागच्या गल्लीत आहे. चपला न घालता पळत गेले असते तरी पोचले असते."

मुख्याध्यापकांनी घसा साफ केला. "साहेब, काय आहे की आमच्याकडे बरेचदा मुलंच एकमेकांचे कागद तपासतात. बाई नुसते गुण चढवतात. नाही का, बाई?"

बाईंना त्यांचा रोख कळला. शाळेचं नाव चौकीच्या कागदावर नको. मान हलवली असती तर निभावलंही असतं. वेळ मात्र त्यांच्याच अक्षरात होती, आणि तपासलेल्या कागदाबद्दल त्या आजवर कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

"नाही सर. मीच तपासला. पंचवीसच्या पंचवीस चुका मीच मोजल्या."

मुंगीची आई पोरीकडे वळली. "आणि तू गं? तुला बापाचं अक्षर दिसत नव्हतं? तुझ्याबद्दल लिहिलंय त्यात. तेवढंसुद्धा दिसलं नाही?"

"अक्षर कळलं," मुंगी भिंतीकडे बघत म्हणाली. "मला वाटलं जुना कागद असेल. बाबांच्या कागदात खूप चुका असतात, म्हणून घेतला."

"आणि वाचला नाहीस?"

"उलटं वाचलं. बाईंनीच सांगितलंय, अर्थाकडे बघायचं नाही. बघितलं की चुका सुटतात."

आईने कपाळावर हात मारला. "काय पण शिकवता हो तुम्ही! बारा वर्षांची पोर, घरात बापाचं पत्र सापडतं आणि ती शेपटाकडून वाचते! कालपासून हिच्याशी बोलले नाही मी. बोलायला तोंडच उघडत नाही."

"तिला काही म्हणू नका," बाई म्हणाल्या. "तिने सांगितलं तसंच केलं. वर्गात सगळ्यांत नीट तिनेच केलं. चूक माझी आहे."

"तुमची आहे ती मला माहितीय. तुमची म्हणून ते परत येतायत का? ते तिकडे समजत असतील, हिने पत्र वाचलं आणि आली नाही. जा म्हणाली. सहा महिने हेच डोक्यात घेऊन बसतील." ती थांबली. "आणि हे त्यांचं वाटतच नाही. ते असं बोलत नाहीत. काल वाचलं तर वाटलं, कुणी साहेबाने लिहिलंय."

खरंच होतं. लाल शाईने बापाचं बोलणं खोडून त्या जागी पुस्तकातलं बसवलं होतं, आणि हिरव्या शाईने त्यावर शिक्का मारला होता. खोडलेलं काही ठिकाणी वाचता येत होतं, काही ठिकाणी नाही. मुंगी खोडायची ती गच्च.

"मूळ काय होतं ते सांगता येईल?" अधिकाऱ्याने विचारलं. "नोंदीला लागेल."

"येईल."

मुख्याध्यापकांनी कोरा कागद पुढे केला. चुकीचं लिहिणं हे बाईंचं रोजचंच काम. ते कधी जड गेलं नव्हतं. आज पेन शब्दाशब्दाला अडलं. त्यांनी एकेक दुरुस्ती काढून टाकली आणि एकेक चूक जागेवर परत ठेवली.

मि जातो कामाला लांब आहे सहा महीने तुला सांगीतलं असतं तर तु रडली असती शनीवारी पाचला जून्या डेपोच्या फाटकातनं गाडी हाय तु आलीस आनि नको म्हनालीस तर मि जानार नाय पोरीला हाक मारली नाही झोपली होती

मुंगीच्या आईने कागद घेतला. ओठ हलवत, सावकाश, वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला.

"हां," ती म्हणाली. "हे त्यांचं." आणि थोड्या वेळाने, "मी कुठे रडते? त्यांनाच आपलं वाटतं, मी रडते."

ते म्हणतानाही ती रडत नव्हती. तिने कागदाची घडी केली, मग आठवण झाल्यासारखी उलगडून अधिकाऱ्याला दिली. "याची झेरॉक्स मिळेल मला?"

"मिळेल, ताई."

जाताना तिने मुंगीच्या पाठीवरचं दप्तर ओढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं. "चल," एवढंच म्हणाली. सोमवार संध्याकाळपासून पोरीशी न रागावता बोललेला हा तिचा पहिला शब्द. मुंगीने दारातून मागे वळून बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता की आणखी काही, ते बाईंना ठरवता आलं नाही.

बाई वर वर्गात गेल्या. उरलेल्या सातपैकी मुलांना तीन सापडल्या होत्या. त्यांनी उतारा पुसून टाकला आणि उरलेला तास मुलांना शांत बसायला सांगितलं. संध्याकाळी त्या नव्या गठ्ठ्यातला पहिला कागद घेऊन बसल्या, वरून वाचायला लागल्या, आणि एका पानात चार चुका त्यांच्या डोळ्यांखालून निसटल्या. त्या मागे जाऊन शोधल्या. एरवी दीड तासाचं काम, चार तास लागले.

बुधवारी सकाळी नऊ वाजता त्या स्वतः चौकीवर गेल्या. अधिकाऱ्याने बसायला सांगितलं. डेपोच्या फाटकावरचा पहारेकरी सापडला होता. शनिवारची गाडी म्हणजे एका ठेकेदाराचा बंद ट्रक होता, अठरा माणसं होती. पाचला निघायची ती पाच चाळीसला निघाली. एक माणूस ड्रायव्हरला थांब, थांब म्हणत होता आणि सारखा मागच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन येत होता. उंच, करडा शर्ट, हातात कापडी पिशवी. शेवटी ड्रायव्हरने शिवी हासडली तेव्हा चढला. ठेकेदाराचं नाव पहारेकऱ्याला माहीत नव्हतं. ट्रकचा नंबर त्याने लिहिला नव्हता. वीस वर्षांच्या नोकरीत कुणी लिहायला सांगितलंच नव्हतं, असं त्याचं म्हणणं.

"मुंगीच्या आईला कळवलंत?" बाईंनी विचारलं.

"कळवलं. चाळीस मिनिटं थांबला, हेही सांगितलं. सांगावं की नाही असा प्रश्न पडला होता."

"काय म्हणाल्या?"

"इस्त्री चालूच ठेवली."

गुरुवारी मुंगी वर्गात आली. तिच्या जागेवर बसली, वही उघडली. दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी तिच्या बापाचा फोन चालू झाला. लाँड्रीतून आईने आणि चौकीतून अधिकाऱ्याने लावून पाहिला. चौकीचा लागला नाही. आईचा लागला, चार वेळा वाजला आणि कुणीतरी तो कापला. एक वाजून बारा मिनिटांनी फोन बंद झाला. साडेतीनला शाळा सुटेपर्यंत तो पुन्हा चालू झालेला नव्हता.