दारियाचा होकार

नबराने चहात तिसरा चमचा साखर घातली, बराच वेळ ढवळली, आणि शेळीच्या दुधाबद्दल बोलू लागली. शेळी आटत चालली होती, असं ती म्हणाली. दारियाने मान हलवली. मग नबरा कबुतरांबद्दल बोलली, नाईल नदीपलीकडे आस्वानच्या बाजारात कांदा किती महाग झालाय त्याबद्दल बोलली, आणि चहा संपला तसं तिचं बोलणंही संपलं. रिकामा पेला ट्रेमध्ये ठेवून ती उठली. जे बोलायला आली होती ते आजही पोटातच राहिलं होतं. हा तिचा अकरावा दिवस होता.

गोष्ट साधी होती. दारियाचा नवरा सामिल, गावातला जुना होडीवाला, जाऊन दोन महिने झाले होते. नबराच्या हानिमचं लग्न ठरलेलं होतं, आणि दोन्ही घरांच्या मध्ये फक्त एक भिंत होती. ज्या घरात मयत झाली त्या घरातून ‘वाजवा’ असा शब्द आल्याशिवाय आमच्या काठावर डफ वाजत नाही. आणि हा शब्द तोंडाने मागायचाही नसतो. मागणं म्हणजे ‘पुरे झालं तुमचं रडणं’ असं तोंडावर सांगणं. जायचं, बसायचं, चहा प्यायचा. ज्याचं दुःख आहे त्याने आपणहून ओळखायचं आणि म्हणायचं. बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी म्हणतात. दारिया म्हणत नव्हती.

नवरदेव शाझली कुवेतला एका हॉटेलात स्वयंपाकी होता आणि चाळीस दिवसांची रजा घेऊन आला होता. त्यातले एकवीस दिवस संपले होते. साखरपुड्याला चार वर्षं झाली होती, आणि ही रजा अशीच गेली तर पुढची दोन वर्षांनी. हानिम सव्वीस वर्षांची होती. रोज दुपार कलताना, तिसऱ्या अजाननंतर आई ट्रे घेऊन शेजारी निघाली की ती अंगणाच्या दाराशी येऊन उभी राहायची, आणि आई परत आली की तिच्या चेहऱ्याकडे एकदा बघून आत जायची. विचारायची नाही. ते न विचारणंच नबराला जास्त लागायचं.

शाझलीची आई फिक्रिया मात्र विचारायची. “भाड्यावरून होडीवाल्यांना रडवणारी बाई तू,” ती म्हणाली. “अर्ध्या बाजाराला तुझी जीभ माहीत आहे. मग दारियाच्या ओट्यावर चढलीस की तिला कुलूप कसं लागतं गं?”

खरंच कुलूप लागत होतं. एवढ्या बडबड्या बाईने सामिलचं नावसुद्धा अकरा दिवसांत एकदाही घेतलं नव्हतं, न जाणो जखमेला धक्का लागेल म्हणून.

डफाशिवाय लग्न होत नाही असं नाही. विधुराचं दुसरं लग्न तसंच होतं, मौलवी येतो, कागद होतो, लोक खजूर खाऊन घरी जातात. हानिमने तसं सुचवूनही पाहिलं. मला काही हौस नाही, ती म्हणाली. तेव्हा नबरा तिच्यावर उसळली.

“तुला नसेल. मला आहे.”

नबराचं स्वतःचं लग्न बिनडफाचं झालं होतं. ऐन वेळी नवऱ्याचे, म्हणजे बशीरचे काका वारले, आणि सगळी तयारी झालेली म्हणून वरात तशीच आणली. आमच्याकडे नवरा मुलीच्या घरी येतो. घरात मेंदीचे हात मांडीवर ठेवून नबरा बसली होती, आणि तिला ऐकू आला तो फक्त वाळूतल्या चपलांचा आवाज. माणसं आली की चोर आले कळेना, असं ती हसत हसत सगळ्यांना सांगायची. सत्तावीस वर्षं सांगत होती. हसणं थांबलं की तिच्या तोंडाकडे कोणी बघत नसे म्हणून बरं.

बाराव्या दिवशी ती ठरवूनच निघाली. रीत गेली खड्ड्यात, आज विचारायचं. वाळक्या भेंडीचं कालवण आणि तव्यावरच्या पातळ भाकऱ्या झाकून घेतल्या. दारिया अंगणातल्या वाळूवर चटई टाकून बसली होती, काळ्या कपड्यांत, नदीकडच्या दाराकडे तोंड करून. तिचे मुलगे अलेक्झांड्रियात होते, बापाचा चाळिसावा दिवस करून परत गेले होते. ती नबरापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, पण दोन महिन्यांत वीस वर्षांनी मोठी दिसायला लागली होती.

नबराने ट्रे ठेवला, श्वास घेतला आणि म्हणाली, “अक्का, एक बोलायचं होतं.”

दारियाने तिचा हात धरला. “थांब, आधी मला बोलू दे. चाळीस दिवस हे अंगण बायकांनी भरलेलं होतं. बसायला जागा नसायची. एक्केचाळिसाव्या दिवशी एकही आली नाही. ज्याला त्याला आपापली कामं. तू एकटी येतेस. या वयात कळतं गं, कोण काही हवं म्हणून येतं आणि कोण नुसतं येतं. तू नुसती येतेस.” मग हात सोडून तिने विचारलं, “काय म्हणत होतीस?”

“शेळी,” नबरा म्हणाली. “शेळी पार आटली.”

घरी येऊन ती पाण्याच्या रांजणाशी उभीच राहिली. बशीर पर्यटकांच्या बोटीवरून नुकताच उतरला होता. त्याने विचारलं, काय झालं. तिने सगळं सांगितलं. सांगता सांगता तिला इतकी लाज वाटली की तिने तोंडावर पाणी मारून घेतलं. ती म्हातारी मला देवमाणूस समजते आणि मी तिच्याकडे रोज डाव टाकायला जाते, असं ती म्हणाली. बशीर शांत माणूस. तो म्हणाला की मौलवींना मध्ये घालू, ते बोलतील. नबराने नाही म्हणून मान हलवली. आता कोणीही बोललं तरी दारियाला कळणारच होतं की बारा दिवसांचा चहा कशासाठी होता.

त्याच संध्याकाळी ती फिक्रियाकडे गेली आणि यंदा जमणार नाही म्हणून सांगून आली. फिक्रिया पुष्कळ बोलली, नबराने सगळं ऐकून घेतलं. शाझली कोपऱ्यात उभा होता. तो एवढंच म्हणाला की काकू, मी साहेबाला फोन करून रजा वाढवून मागितली होती, नाही मिळाली. त्या रात्री हानिमने लग्नाचे कपडे घडी करून पेटीत ठेवले. सावकाश, एकेक करून, मध्ये कागद घालून. नबराने ते दारातून पाहिलं आणि मदतीला गेली नाही.

दुसऱ्या दिवशी तिसरी अजान झाली. आता जायचं काही कारण उरलं नव्हतं. नबरा चुलीपुढे बसून राहिली, आणि मग तिच्या मनात आलं की दारिया दाराकडे बघत असेल. एवढंच मनात आलं. हाताला लागले ते मूठभर खजूर एका ताटलीत घालून ती निघाली.

त्या दिवशी ती भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसली. दारिया मसूर निवडत होती, नबराने अर्धा दुसऱ्या सुपात ओतून घेतला. मग खडा काढता काढता नबरा आपल्याच नादात म्हणाली, “तुमच्या सामिलभाऊंनी मला एकदा बेटावर सोडून दिलं होतं, ठाऊक आहे?”

दारियाचा हात थांबला. दोन महिन्यांत तिच्यासमोर ते नाव कोणी असं सहज घेतलं नव्हतं.

“भाड्यावरून,” नबरा म्हणाली. “मी म्हटलं, एवढे पैसे देणार नाही, वाटेत उतरवा मला. तर खरंच मधल्या बेटावर होडी लावली आणि म्हणाले, उतरा. मी पण उतरले. ऐटीत. दोन तास बसले होते तिथे बगळ्यांबरोबर. ते परत आले तेव्हा म्हणाले, आता बेटापासून घरापर्यंतचं भाडं वेगळं.”

“आणि दिलंस?”

“दुप्पट दिलं. पाय भाजत होते माझे.”

दारिया हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग तिला डोळे पुसावे लागले, आणि पुसता पुसता ती थोडी रडलीही. हे मला घरी येऊन सांगितलंच नाही मेल्याने, ती म्हणाली. नबराही हसत होती. सूप कलंडलं, मसूर वाळूत सांडला, दोघी तो वेचत बसल्या.

वेचता वेचता, मान वर न करता दारिया म्हणाली, “वाजवा.”

“काय?”

“डफ. वाजवा म्हणते. हानिमचं लग्न करा.”

नबरा मुठीत मसूर धरून तशीच बसली. अक्का, मी त्यासाठी नव्हते आले, ती म्हणाली, आणि त्या दिवसापुरतं ते खरं होतं.

“आज नव्हतीस आलेली,” दारिया म्हणाली. “म्हणून तर म्हटलं. आधीचे बारा दिवस त्यासाठीच आली होतीस. पहिल्या दिवशीच कळलं मला. तुझ्यासारखी बाई शेळीवर एवढं बोलते?”

“मग काल ते... नुसती येतेस म्हणालात ते?”

“मुद्दाम म्हणाले. तू विचारणार होतीस काल, तोंडावरच दिसत होतं. तुझं तोंड बंद व्हावं म्हणून म्हणाले.”

नबरा उठली. तिचा चेहरा लाल झाला होता. तिला इतका राग आला होता की तो कुठून सुरू करावा हे कळेना.

“बारा दिवस, अक्का,” ती म्हणाली. “माझी पोरगी बारा दिवस दारात उभी असायची. काल कपडे पेटीत ठेवले तिने. शाझलीच्या आईच्या शिव्या खाऊन आले मी. आणि तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

“का पण?”

दारिया जराही डगमगली नाही, पण तिने नबराकडे पाहिलंही नाही. “पहिल्या दिवशी हो म्हटलं असतं,” ती म्हणाली, “तर दुसऱ्या दिवशी तू आली असतीस?”

खरं उत्तर एकच होतं आणि ते दोघींनाही माहीत होतं. नबरा चपला हातात घेऊन अनवाणीच बाहेर पडली. खजुरांची ताटली तिथेच राहिली.

मग कामाला ऊत आला. सहा दिवसांत लग्न उभं करायचं म्हणजे खायचं काम नव्हे. गहू दळून आला, दोन बोकड आले, बायका आळीपाळीने मेंदी वाटायला बसल्या. बशीरने पुढच्या भिंतीला चुना दिला आणि हानिमने वर निळे पट्टे ओढले. कपडे पेटीतून बाहेर आले. हानिम गात होती, आणि ते ऐकून नबराला एकदा पिठाच्या परातीशीच रडू आलं. सगळं मनासारखं होत होतं. फक्त तिसरी अजान झाली की तिचा हात क्षणभर थांबायचा आणि मग ती दुप्पट जोराने कणीक तिंबायची. शेजारी ती गेली नाही. रीतीप्रमाणे लग्नाचं पहिलं ताट मयतीच्या घरी जायचं, ते तिने पुतणीच्या हाती पाठवलं. दारियाने काय विचारलं, असं पुतणीला विचारलंही नाही. पुतणीनेच सांगितलं की काही नाही विचारलं, ताट घेतलं आणि दार लावलं.

वरातीच्या दिवशी ऊन उतरताना नबरा आतल्या खोलीत हानिमशेजारी बसली. डफ फिक्रियाच्या दारातून निघाले ते लांबून आधी नुसते छातीत जाणवले. मग ऐकू यायला लागले. नदीच्या कडेने, वाळूवरून, वीस-पंचवीस डफ आणि गाणारे गळे. हानिमने आईचा हात घट्ट धरला. नबरा डोळे मिटून ऐकत होती. सत्तावीस वर्षं कानात बसलेल्या त्या चपला आज कुठेच नव्हत्या.

दारियाच्या घरापाशी येताच आवाज पुढे सरकेना. मयतीच्या घरासमोरून जाताना होकार असला तरी पुरुष हात जरा हलका करतात, तसं होईल असं नबराला वाटलं होतं. पण डफ तिथेच राहिले, आणि वाढले. नंतर कळलं ते असं. तरुणांनी हात आवरले तशी दारिया दाराच्या उंबऱ्याशी आली. विधवेचे शोकाचे महिने सरेपर्यंत बाहेर तर तिला पाऊल टाकायचं नव्हतं, पण आतूनच तिने दटावलं की शेजारणीला ऐकू जायला पाहिजे, नीट वाजवा. मग ती उंबऱ्यात उभी राहून सगळं गाणं संपेपर्यंत ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी नबराचं घर माणसांनी गच्च भरलं होतं. जावई घरात होता, फिक्रियाकडच्या बायका अंगणात पसरल्या होत्या, चुलीवरून भांडं उतरत नव्हतं. तिसरी अजान झाली. नबराने हात धुतले आणि दाराकडे निघाली.

“एवढं घर सोडून कुठे?” फिक्रियाने विचारलं.

“येते.”

दारिया चटईवर बसली होती, पुढ्यात कोळशाची शेगडी आणि त्यावर छोटी किटली. तिने दाराकडे पाहिलं, मग नबराच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते.

“आता काय हवंय?” तिने विचारलं. आवाज जपून काढल्यासारखा होता.

“काही नाही.” नबरा चपला काढून भिंतीशी बसली. थोड्या वेळाने म्हणाली, “राग गेलेला नाही माझा.”

“नको जाऊ दे,” दारिया म्हणाली. “रागावलेली का होईना, येत जा.”

आणि तिने किटलीचं झाकण काढून आत आणखी एक पेलाभर पाणी ओतलं.